'क्षणभंगुर' कुठे लिहावे आणि कुठे टाळावे

शोकसंदेश, निरोप समारंभातील भाषण आणि शालेय निबंध यांत 'क्षणभंगुर' हे विशेषण हमखास भेटते. अर्थ विचारला तर बहुतेक जण 'फार थोडा काळ टिकणारे' असे सांगतात. कोशातील अर्थही साधारण तसाच असल्यामुळे, थोडा काळ टिकणाऱ्या कोणत्याही गोष्टीला हा शब्द लावता येतो, असा समज होऊन बसतो. मग 'क्षणभंगुर पाऊस', 'क्षणभंगुर नोकरी', 'क्षणभंगुर सवलत' असे प्रयोग लिहिले जातात. वाचणाऱ्याला ते खटकतात, पण नेमके काय खटकले हे चटकन सांगता येत नाही. खटकण्याचे कारण हे की, 'क्षणभंगुर' या शब्दाचे काम काळ मोजण्याचे नसून वस्तूचा स्वभाव सांगण्याचे आहे. हा एक फरक मनात पक्का बसला की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप होतात. हे विवेचन नागपुरात, म्हणजे रोज हिंदीच्या शेजारात राहून मराठी लिहिणाऱ्यांना समोर ठेवून केले आहे, त्यामुळे उदाहरणेही शक्यतो इथलीच घेतली आहेत.

शब्दाची घडण

'क्षणभंगुर' हा तत्सम शब्द असून तो 'क्षण' आणि 'भंगुर' या दोन पदांचा समास आहे. 'क्षण' सर्वांना ठाऊक असतो. अर्थाचा सारा भार 'भंगुर' या पदावर आहे आणि त्याच्याकडेच सहसा दुर्लक्ष होते. 'भंगुर' हे 'भञ्ज्' म्हणजे 'मोडणे' या धातूपासून बनले आहे. भंग, भग्न, मूर्तिभंजक हे शब्द त्याच घराण्यातले. पाणिनीने 'भञ्जभासमिदो घुरच्' या सूत्रात तीन धातूंना एकच प्रत्यय सांगितला आहे आणि त्यातून भंगुर, भासुर आणि मेदुर हे तीन शब्द सिद्ध होतात. 'ते करण्याचा ज्याचा स्वभावच आहे' अशा अर्थी हा प्रत्यय येतो. तळपणे हा ज्याचा स्वभाव ते भासुर, तसे मोडणे हा ज्याचा स्वभाव ते भंगुर.

यावरून दोन गोष्टी निघतात आणि त्या लिहिताना उपयोगी पडतात. पहिली अशी की, 'भग्न' वस्तू मोडून गेलेली असते, पण भंगुर वस्तू अजून शाबूत असते. सत्ता गेल्यानंतर 'ती क्षणभंगुर ठरली' असे म्हणता येते, यात शंका नाही. तरी या शब्दाचे खरे बळ सत्ता हातात असताना, आरसा अजून तारुण्य दाखवत असताना, टाळ्या अजून थांबल्या नसताना तो वापरण्यात आहे. दुसरी अशी की, मोडण्याचे कारण वस्तूच्या आतच असते. बाहेरून कोणी मुदत घातली म्हणून किंवा कोणी रद्द केली म्हणून संपणारी गोष्ट थोडकी असेल, क्षणभंगुर नव्हे.

'क्षण' हे पद मात्र इथे अक्षरशः घ्यायचे नाही. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य शंभराहून अधिक वर्षे चालले. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने ते खालसा केले. या इतिहासावर चिंतनपर लेख लिहिणारा 'सत्ता क्षणभंगुर असते' असे खुशाल लिहू शकतो, कारण ते सत्तेच्या स्वभावाविषयीचे विधान आहे. इतिहासाच्या पाठात मात्र 'भोसल्यांचे क्षणभंगुर राज्य' असे लिहिले तर ते धडधडीत चूक होईल, कारण तिथे विशेषण एका विशिष्ट राज्याच्या कालावधीवर जाऊन बसते आणि तो कालावधी काही लहान नव्हता. त्याच घराण्यातील आप्पासाहेब भोसल्यांची कारकीर्द खरोखर लहान होती. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीच्या लढाईत पराभव झाला आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले. तिच्यासाठी मराठीत 'अल्पकालीन' आहे, आणि थोडी बोचरी छटा हवी असेल तर 'औट घटकेचे राज्य' आहे. सर्वसामान्य विधानात 'क्षणभंगुर' शोभते आणि विशिष्ट कालावधी सांगताना दुसरा शब्द लागतो, हा नियम बहुतेक ठिकाणी पुरतो.

शेजारचे शब्द

'क्षणिक' हा सर्वांत जवळचा आणि म्हणूनच सर्वांत जास्त गल्लत होणारा शब्द. तो कालावधी सांगतो आणि तेवढ्यावर थांबतो. 'क्षणिक राग', 'क्षणिक मोह', 'क्षणिक भोवळ' हे प्रयोग बरोबर आहेत, कारण तिथे वस्तू किती वेळ होती एवढेच सांगायचे आहे आणि ती गेल्याची हळहळ कोणालाच नाही. राग गेला, बरे झाले. 'क्षणभंगुर राग' म्हटले की राग टिकायला हवा होता, असा विचित्र सूर उमटतो. ज्या नामाबद्दल माणसाला ओढ असते, ते टिकावे असे वाटते किंवा ते टिकेल असा भ्रम असतो, तिथेच 'क्षणभंगुर' नीट बसतो. आयुष्य, तारुण्य, सौंदर्य, यश, कीर्ती, लोकप्रियता, वैभव, सत्ता ही त्याची नेहमीची नामे आहेत. 'सुख' या नामाला दोन्ही विशेषणे लागतात आणि दोन्हींचा अर्थ वेगळा होतो. 'क्षणिक सुखाच्या मागे लागू नका' यात सुख हलके, टाकण्याजोगे आहे. 'सुख क्षणभंगुर असते' यात ते मौल्यवान असून हातात ठरत नाही.

'नाशवंत' हा बाजाराचा शब्द आहे आणि नागपूरकरांना त्याचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहाराची संत्री उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. झाडावरून उतरल्यावर फळाची साल सुकू लागते, ढिगात खालचे फळ दबते, दबल्या जागी बुरशी धरते, आणि म्हणून माल लवकर उचलला गेला नाही तर भाव पडतो. हा 'नाशवंत माल' आहे. इथे नासण्याची क्रिया भौतिक आहे, तिचा वेग ठाऊक आहे आणि शीतगृहात ठेवून तो कमीही करता येतो. संत्र्याला 'क्षणभंगुर फळ' म्हणणारा लेखक व्यापारही चुकवतो आणि काव्यही. मात्र संत्र्याची फोड तोंडात टाकल्यानंतर जिभेवर रेंगाळणाऱ्या चवीविषयी ललित लेखात 'क्षणभंगुर' चालून जाईल, कारण चव ही माल नव्हे. 'नाशवंत' याचेच 'नाशिवंत' हे रूप अभंगांतून आणि कीर्तनांतून आले आहे आणि ते 'नाशिवंत देह' अशा प्रयोगात शोभते. बाजारभावाच्या बातमीत 'नाशिवंत भाजीपाला' लिहू नये, आणि कीर्तनाच्या वृत्तांतात 'नाशवंत देह' लिहिल्यास तो वाहतुकीस निघाल्यासारखा वाटतो.

'तात्पुरता' आणि 'हंगामी' हे कामकाजाचे शब्द आहेत. नागपूर कराराला, म्हणजे २८ सप्टेंबर १९५३ या दिवशी झालेल्या समझोत्याला अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरते. त्या काळात शहरात ज्या व्यवस्था उभ्या राहतात, त्या सगळ्या 'तात्पुरत्या' असतात. निवडणुकीनंतर नव्या सदस्यांना शपथ देण्यापुरता नेमलेला अध्यक्ष 'हंगामी अध्यक्ष' असतो. या गोष्टींचा शेवट आधीच ठरलेला असतो आणि तो कोणी तरी ठरवलेला असतो. तेव्हा एखाद्या गोष्टीला मुदत आहे का, हा प्रश्न विचारावा. मुदत असेल तर 'क्षणभंगुर' बाजूला ठेवावा. व्हॉट्सॲपवरील नाहीसे होणारे संदेश चोवीस तास, सात दिवस किंवा नव्वद दिवस अशा ठरलेल्या मुदतीनंतर जातात. मुदत आपणच निवडलेली असते. त्यांना 'क्षणभंगुर संदेश' म्हणणारी भाषांतरे वाचनात येतात, पण 'मुदतीचे संदेश' किंवा सरळ 'नाहीसे होणारे संदेश' हेच नीट.

'अल्पजीवी' आणि 'अल्पायुषी' हे शब्द प्रामुख्याने जिवांसाठी आहेत. पहिला कीटक, वनस्पती किंवा संस्था, नियतकालिके यांनाही लागतो, दुसरा बहुधा माणसालाच. 'मासिक अल्पजीवी ठरले' हे स्वच्छ वाक्य आहे. त्याऐवजी 'मासिक क्षणभंगुर ठरले' असे लिहिले की संपादकाची थट्टा केल्यासारखे वाटते.

'नश्वर' आणि 'अनित्य' यांबाबत मात्र घाई करून चालत नाही, कारण या दोन शब्दांमागे दोन वेगळ्या विचारपरंपरा उभ्या आहेत. 'नश्वर' म्हटले की त्याच्या जोडीला 'अविनाशी' येते. देह नश्वर आणि आत्मा अमर, अशी ती मांडणी आहे. 'अनित्य' हा बौद्ध विचारातील मूलभूत शब्द आहे. अनित्य, दुःख आणि अनात्म ही तीन लक्षणे तिथे एकत्र सांगितली जातात आणि मागे उरणाऱ्या अमर आत्म्याला त्या मांडणीत जागा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, त्या दीक्षाभूमीच्या शहरात हा भेद केवळ ग्रंथांपुरता राहत नाही. बौद्ध कुटुंबातील निधनानंतर 'अनिच्चा वत सङ्खारा' ही पाली गाथा म्हटली जाते आणि दिवंगत व्यक्तीच्या नावाआधी 'कालकथित' असे लिहिले जाते. अशा कुटुंबाच्या वतीने निवेदन लिहिताना 'नश्वर देह त्यागून त्यांचा आत्मा अनंतात विलीन झाला' हे साचेबंद वाक्य वापरणे ही भाषेची चूक तर आहेच, शिवाय त्या घराच्या श्रद्धेची बेपर्वाई आहे. 'सर्व संस्कार (म्हणजे कारणांतून घडलेल्या सर्व गोष्टी) अनित्य आहेत' हे तिथले शब्द आहेत.

इथे एक उपकथा सांगण्याजोगी आहे. धर्मकीर्तीसारख्या बौद्ध तत्त्वज्ञांनी 'जे जे अस्तित्वात आहे ते ते क्षणिक आहे' असा सिद्धान्त तर्काने मांडला आणि त्याला 'क्षणभंगवाद' असेही नाव आहे. त्या वादात 'क्षण' अक्षरशः क्षणच आहे: प्रत्येक वस्तू त्या त्या क्षणी उपजते आणि मोडते, आणि आपल्याला सलग वाटणारी वस्तू म्हणजे अशा क्षणांची परंपरा असते. आजच्या मराठीतील 'क्षणभंगुर' इतका काटेकोर राहिलेला नाही. म्हणून तत्त्वज्ञानावर लिहिताना 'क्षणभंगवाद' आणि 'आयुष्याची क्षणभंगुरता' यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

दोन उतारे दुरुस्त करताना

मारबत म्हणजे नागपुरात मिरवणुकीने नेऊन जाळला जाणारा पुतळा आणि बडगे म्हणजे त्याच मिरवणुकीतले टीकाटिप्पणीचे पुतळे. त्यांविषयी एखादा विद्यार्थी निबंधात असे लिहितो, असे समजू: 'मारबत ही नागपूरची क्षणभंगुर परंपरा आहे. तिचा पुतळा क्षणभंगुर असतो आणि बडग्यांवरील विनोदही क्षणभंगुर असतो.' तीन ठिकाणी एकच विशेषण आले आहे आणि तिन्ही ठिकाणी निदान वेगळे आहे. परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे, तेव्हा तिला हा शब्द लागू होणे शक्यच नाही; विद्यार्थ्याच्या मनात 'एका दिवसाचा उत्सव' असे असावे आणि तसेच लिहावे. पुतळ्याची गोष्ट थोडी नाजूक आहे. काळी आणि पिवळी मारबत तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीने निघते, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' असा घोष होतो आणि त्याच दिवशी तिचे दहन होते. पुतळा जाळण्यासाठीच घडवलेला आहे. त्याचा शेवट नेमलेला आहे. 'क्षणभंगुर पुतळा' म्हणण्यापेक्षा 'दहनासाठीच घडवलेला पुतळा' हे अधिक खरे. पण लेखकाची नजर बांबू, कागद आणि रंग यांवर खपलेल्या हातांकडे असेल, तर 'त्या कारागिरीची क्षणभंगुर शोभा' हा प्रयोग चपखल आहे, कारण शोभा टिकावी असे पाहणाऱ्याला वाटते आणि ती टिकत नाही. उरला बडग्यांवरील विनोद. बडग्यांतून त्या त्या वर्षाच्या महागाईवर, खड्ड्यांवर, भ्रष्टाचारावर टोले मारलेले असतात आणि प्रसंग विसरला की टोला कळेनासा होतो. त्याला 'प्रासंगिक' हा शब्द आहे. दुरुस्त उतारा असा होईल: 'मारबत हा नागपूरचा एका दिवसाचा, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उत्सव आहे. दहनासाठीच घडवलेल्या पुतळ्याची शोभा क्षणभंगुर असते आणि बडग्यांवरील टीका प्रासंगिक.' विशेषण तीनदाऐवजी एकदा आले आणि जिथे आले तिथे ऐकू येते.

दुसरा उतारा शोकसभेचा: 'वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी आजोबा आपल्यातून गेले. आयुष्य किती क्षणभंगुर आहे, याची जाणीव आज झाली.' भावना खोटी नाही, पण ब्याण्णव वर्षांच्या भरल्या आयुष्यापुढे हे वाक्य ठेवले की ऐकणाऱ्याच्या मनात नकळत हिशेब सुरू होतो. इथे 'भरले घर मागे ठेवून आजोबा गेले' असे काही तरी हवे. तेच वाक्य अपघातात गेलेल्या तरुणाविषयी असते, तर एक अक्षरही बदलण्याची गरज नव्हती. शोकलेखनात हा शब्द फार वापरून गुळगुळीत झाला आहे, हेही लक्षात घ्यावे; शक्य असेल तिथे त्या माणसाविषयी एखादी खरी गोष्ट लिहिलेली बरी.

रूपे आणि लेखन

व्याकरणदृष्ट्या हा शब्द सोपा आहे. लिंग, वचन आणि विभक्ती यांनुसार तो बदलत नाही: क्षणभंगुर मोह, क्षणभंगुर सत्ता, क्षणभंगुर आयुष्याला, क्षणभंगुर सुखांसाठी. 'तात्पुरता' मात्र विकारी आहे, त्यामुळे 'तात्पुरत्या सोयीला' असे सामान्यरूप करावे लागते. भाववाचक नाम 'क्षणभंगुरता' असे स्त्रीलिंगी किंवा 'क्षणभंगुरत्व' असे नपुंसकलिंगी होते. पहिले अधिक रुळलेले आहे. 'क्षणभंगुरपणे' असे क्रियाविशेषण करण्याचा मोह आवरावा, कारण क्रिया क्षणभंगुर नसते. त्या जागी 'क्षणभर', 'क्षणार्धात' किंवा 'पाहता पाहता' यांपैकी योग्य ते घ्यावे.

लेखनात 'गु' ऱ्हस्वच आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार 'कापूस', 'माणूस' यांसारख्या मराठी अकारान्त शब्दांत उपान्त्य उकार दीर्घ लिहितात, पण तत्सम शब्दांत तो मूळचा ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्वच ठेवतात. 'मधुर', 'चतुर' यांच्याच पंक्तीत 'क्षणभंगुर' बसतो. उच्चारात 'गु' लांबतो, म्हणून 'क्षणभंगूर' असे फलकांवर सर्रास दिसते, पण ते चूक आहे. शब्द सलग लिहावा. मध्ये जागा किंवा जोडरेघ नको.

'क्षणभंगुर क्षण' ही द्विरुक्ती अलीकडे छायाचित्रांखालच्या ओळींत फार दिसते. क्षण हे क्षणात मोडणारच, त्यात सांगण्यासारखे काही नाही. 'निसटते क्षण' म्हणावे. 'अत्यंत क्षणभंगुर' हेही तसेच, कारण क्षणाच्या खाली आणखी किती उतरणार?

हिंदीचा शेजार

'क्षणभंगुर' हिंदीतही याच रूपात आणि याच अर्थाने आहे, त्यामुळे तिथे धोका नाही. धोका त्याच्या सोबत्यांचा आहे. हिंदीतील 'नाशवान' नागपूरच्या मराठीत सहज शिरतो. मराठी रूप 'नाशवंत' आहे. 'अस्थायी' हा शब्द मराठीला परका नाही, पण 'अस्थायी कर्मचारी' यापेक्षा 'हंगामी' किंवा 'कंत्राटी' कर्मचारी असे म्हटले की नेमणुकीचा प्रकारही कळतो. सर्वांत फसवी गोष्ट 'चार दिन की चाँदनी' या म्हणीची आहे. तिचे 'चार दिवसांची चांदणी' असे मराठीकरण ऐकू येते. हिंदीत चाँदनी म्हणजे चंद्रप्रकाश. मराठीत चांदणी म्हणजे तारका आणि चंद्रप्रकाश म्हणजे चांदणे. भाषांतर करायचेच असेल तर 'चार दिवसांचे चांदणे' होईल, पण घरात म्हणी असताना उसनवारी कशाला?

शब्दाऐवजी म्हण

बोलताना 'क्षणभंगुर' क्वचितच येतो. रोजच्या बोलण्यात 'दोन दिवसांचं आहे', 'घडीभराचं आहे' एवढ्यावर काम भागते. लिहितानाही पुष्कळदा म्हण अधिक नेमकी ठरते, मात्र म्हणींच्या छटा एकसारख्या नाहीत. 'अळवावरचे पाणी' अस्थिरतेसाठी आहे: अळूच्या पानावर पाणी फुटत नाही, ठरत नाही एवढेच, म्हणून ते संपत्ती किंवा मर्जी यांना लागते. 'पाण्यावरचा बुडबुडा' नाहीसे होण्यासाठी आहे आणि तो देहाला, आयुष्याला लागतो. 'औट घटकेचे राज्य' यात औट म्हणजे साडेतीन. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे हिशेबाने चौऱ्याऐंशी मिनिटांचे राज्य होते, आणि ते अधिकाराचा तोरा मिरवणाऱ्यालाच उद्देशून वापरतात. 'नव्याचे नऊ दिवस' उत्साहासाठी आहे: नवी सून, नवी वही, नवा व्यायाम. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' हीदेखील उत्साहाचीच म्हण, पण तिच्यात रंग उडाल्याचे दृश्य असल्यामुळे ती दिखाऊ गोष्टीला जास्त लागते. नव्याने रंगवलेल्या दुभाजकाचा रंग पहिल्या पावसात उतरला, तर बातमीच्या मथळ्यासाठी हीच म्हण घ्यावी. तिथे 'क्षणभंगुर सुशोभीकरण' लिहिले तर दोष कंत्राटदाराकडून उठून वस्तूच्या स्वभावावर जातो.